सरकारी निर्णय आणि न्यायालयाची कसोटी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा फार विचार करावा लागला नाही. आपल्या ज्ञातीतील कुटुंबे पवना व इंद्रायणी यांच्या काठच्या गावांत पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आले, आणि पुढे चाकणच्या आसपास निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी या शिवारांत कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. या घडामोडीत आपल्यापैकी कित्येकांना नोकरी मिळाली, कित्येकांची जमीन गेली, आणि पुष्कळांच्या वाट्यास दोन्ही गोष्टी आल्या. यास्तव सरकारने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध न्यायालय आपणांस काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे.

या बाबतीत समाजात दोन समजुती प्रचलित आहेत. पहिली, सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, तेव्हा नोटीस आली की मुकाट्याने मान तुकवावी. दुसरी, हायकोर्टात गेले की सरकारचा निर्णय फिरलाच म्हणून समजावे. आमच्या मते या दोन्ही समजुती चुकीच्या असून दोहोंनीही कुटुंबांचे नुकसान केले आहे.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 अन्वये सरकारी अधिकाऱ्याच्या कृतीची तपासणी करण्याचा अधिकार उच्च न्यायालयास आहे. परंतु ही तपासणी अपिलासारखी नव्हे. अपिलात वरचे न्यायालय प्रकरणाचा नव्याने विचार करून स्वतःचा निर्णय देऊ शकते. रिट अर्जात मात्र निर्णय कोणत्या पद्धतीने घेतला गेला एवढेच मुख्यतः पाहिले जाते. अधिकाऱ्यास तो अधिकार कायद्याने दिला होता काय? ज्याचे नुकसान व्हावयाचे त्याचे म्हणणे ऐकून घेतले काय? जे विचारात घ्यावयाचे ते घेतले आणि जे घ्यावयाचे नव्हते ते वगळले काय? सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली टाटा सेल्युलर प्रकरणी हेच तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले.

हा भेद दोन चित्रपटगृहांच्या खटल्यांवरून चांगला ध्यानात येतो. पहिला खटला इंग्लंडमधील वेन्सबरी या गावचा, 1947 सालचा. रविवारी चित्रपट दाखविण्याची परवानगी देताना तेथील नगरसंस्थेने पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेश देऊ नये अशी अट घातली. मालकाने तक्रार केली. परंतु अट घालण्याचा अधिकार नगरसंस्थेचा होता, आणि कोणताही समंजस मनुष्य घालणार नाही इतकी ती अविचारी नव्हती, म्हणून न्यायालयाने हात घातला नाही.

दुसरा खटला आपल्या मुंबईचा. अंधेरीस चित्रपटगृह बांधण्यास पोलीस कमिशनरांनी 1947 साली परवानगी दिली आणि त्याच वर्षी ती रद्द केली. रद्द करण्याच्या पत्रात, सरकारच्या आदेशावरून हे कळवीत आहोत, अशा अर्थाचा मजकूर होता. नियमाने मात्र हा अधिकार सरकारला नव्हता, खुद्द कमिशनरांना होता. सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली ठरविले की, ज्यास अधिकार दिला त्याने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला पाहिजे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेली सही हा त्याचा निर्णय नव्हे. सार्वजनिक हुकुमाचा अर्थ त्यातील शब्दांवरूनच लावावयाचा, आपल्या मनात काय होते हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून चालणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या अर्जदारास न्यायालयाने चित्रपटगृहाची परवानगी दिली काय? नाही. कमिशनरांनी सर्व बाजूंचा विचार करून, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतः स्पष्ट हुकूम द्यावा एवढेच न्यायालयाने फर्माविले. न्यायालयाकडून बहुधा मिळते ते असे: योग्य रीतीने घेतलेला निर्णय. तो आपल्या मनाजोगा असेलच असे नाही.

हेच तत्त्व आपल्या जमिनीस लावून पाहू. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला. तथापि कायद्याच्या आधाराखेरीज कोणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, हा अनुच्छेद 300-अ घटनेत आला. 2024 साली कोलकाता महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाची फोड करून सात गोष्टी सांगितल्या: नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य मोबदला, वेळेवर व नीट चालविलेली कार्यवाही, आणि तिचा रीतसर शेवट. यांतील पहिल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, कारण त्यांच्या वेळी जमीन अद्याप आपल्या हातात असते.

औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन घेताना 1961 च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याचे कलम 32 लागते. त्यानुसार जमीन का संपादन करू नये याचे कारण दाखविण्याची नोटीस आधी द्यावी लागते, आणि दाखविलेल्या कारणांचा विचार करून, म्हणणे मांडण्याची संधी देऊन, मगच हुकूम करावा लागतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यातही कलम 15 अन्वये प्राथमिक अधिसूचनेनंतर साठ दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते.

परंतु घरोघरी काय घडते? नोटीस येते आणि फडताळात जाते. किंवा ती वारलेल्या आजोबांच्या नावाने निघते, कारण सातबारावर वारसांची नोंदच झालेली नसते. भाऊ शहरात, बहिणी सासरी. हरकत कोणी घ्यावयाची यावर एकमत होईपर्यंत मुदत टळते. पुढे निवाडा होतो, ताबा जातो, आणि मग सर्वजण मिळून मुंबईस वकिलाच्या कार्यालयाची पायरी चढतात. अशा वेळी न्यायालय सहसा साहाय्य करीत नाही. निवाडा होऊन ताबा गेल्यावर उशिरा आलेल्या अर्जदारासाठी संपादनाची कार्यवाही मोडू नये, हे मुंबई महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले आहे.

दुसरा धोका तोंडी आश्वासनांचा व अर्धवट कागदांचा. आपल्या प्राधिकरणाचेच एक प्रकरण 2018 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची जमीन संपादनातून मोकळी करावी असा पत्रव्यवहार शासनाकडून झाला होता. परंतु राजपत्रात तशी अधिसूचना कधीच निघाली नाही. 1894 च्या जुन्या कायद्याच्या कलम 48 खाली जमीन मोकळी व्हावयाची तर राजपत्रात प्रसिद्धी हवी, असे सांगून न्यायालयाने निर्णय प्राधिकरणाच्या बाजूने दिला. 2021 साली ते प्राधिकरण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले, तरी त्या निकालाचा धडा जुना झालेला नाही. “साहेबांनी शब्द दिला आहे” या वाक्यावर ज्या कुटुंबाने विसंबावे, त्याची बाजू न्यायालयात लंगडी पडते.

कोणी म्हणेल, मग न्यायालयाने निर्णयाच्या बरेवाईटपणातच का शिरू नये? यावर आम्हांस असे वाटते की, रस्ता कोठून न्यावा, कारखाना कोठे वसवावा हे ठरविणारे लोक मतदारांस जबाबदार असतात. न्यायाधीश तसे नसतात. प्रत्येक प्रश्न न्यायाधीशांनी सोडविला तर आज एका शेतकऱ्याचे भले होईल, पण उद्या शेजारच्याचे गाऱ्हाणे कोणाकडे न्यावयाचे हे कळेनासे होईल. न्यायालयाचा हा संयम आपणांस जाचक वाटला तरी त्यास अर्थ आहे. त्याच संयमामुळे सुनावणीचे महत्त्व वाढते. अधिकाऱ्यासमोर आपण जे मांडले नाही ते पुढे न्यायालयात मांडणे कठीण जाते. आणि जे लेखी मांडले त्याची दखल घेतली नाही, तर तोच अधिकाऱ्याच्या हुकुमातील दोष ठरू शकतो.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. प्रत्येक कुटुंबाने या वर्षीच सातबारा काढून पाहावा. वारसांची, विशेषतः लेकीबहिणींची, नोंद राहिली असल्यास ती करून घ्यावी. नोटीस आल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी. हरकत लेखी द्यावी, प्रत्येक मुद्दा वेगळा लिहावा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. हुकुमाची नक्कल मागावी. हुकुमात कारणे दिसली नाहीत तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मूळ टिपणी मागता येते. आणि न्यायालयात जावयाचे ठरले तर ताबा जाण्यापूर्वी जावे.

आपल्या ज्ञातीत वकील आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेली जाणती मंडळी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार मंडळाच्या कार्यालयात बसून नोटिसा वाचून द्याव्यात आणि हरकतींचे मसुदे तपासावेत, अशी विनंती आम्ही या व्यासपीठावरून करतो. शिष्यवृत्त्या व वधूवर मेळावे यांच्या बरोबरीने हेही ज्ञातिकार्यच होय. कार्यकारी मंडळ या सूचनेचा विचार करील अशी आशा आम्ही व्यक्त करतो.