यंत्र कोणाच्या हातीं?



तीसांहून अधिक वर्षें मीं मुलांचे पेपर तपासले. परंतु गेल्या वर्षीं एका दुकानांत मलाच परीक्षेस बसल्यासारखें वाटलें. प्रश्न असा होता: स्मार्टफोन घ्यावा कीं टॅब्लेट, आणि किती किंमतीचा?

खरेदी माझ्या थोरल्या बहिणीसाठीं होती. ताई वाईस एकटी राहते. तिच्या मुलानें परदेशांतून मोठ्या हौसेनें एक टॅब्लेट पाठविला. पडदा प्रशस्त, अक्षरें ठळक. तेव्हां तिनें आपला जुना बटणांचा फोन देऊन टाकला. पुढें श्रावणांत एके रात्रीं तिला जोराचा ताप भरला. टॅब्लेट उशाशींच होता. पण तो केवळ वायफायवर चालणारा, त्यांत सिमकार्ड नाहीं. आणि पावसानें वीज गेल्यामुळें वायफायहि बंद! सकाळीं दूधवाला आला तेव्हां आम्हांला कळलें.

वस्तू उत्तमच होती, पण कामाचा विचार आम्हीं केला नव्हता. वाचन, चित्रें, मुलांचा अभ्यास यांस टॅब्लेटसारखें साधन नाहीं. व्यवहारास मात्र फोन लागतो. यूपीआयनें पैसे देण्याची सोय २०१६ पासून झाली. परंतु तिच्या नोंदणीस बँकेशीं जोडलेल्या क्रमांकाचें सिमकार्ड त्याच यंत्रांत असावें लागतें.

आतां किंमतीविषयीं. २०१० सालीं अ‍ॅपलचा आयपॅड अमेरिकेंत ४९९ डॉलरांपासून विकला जाऊं लागला. पुढल्याच वर्षीं अ‍ॅमेझॉननें किंडल फायर १९९ डॉलरांस आणला. तो इतका स्वस्त कां? त्यावर पुस्तकें व चित्रपट विकून नफा मिळवावयाचा होता म्हणून. तेव्हां दुकानांत किंमत कमी दिसली कीं उरलेली किंमत घरीं कोणत्या रूपानें द्यावी लागेल, हें विचारावें. कित्येक स्वस्त फोनांत ती जाहिरातींच्या रूपानें द्यावी लागते. शिवाय सुरक्षिततेच्या सुधारणा किती वर्षें मिळतील, हेंहि विचारावें. त्या लवकर थांबल्या तर स्वस्त वस्तूच महाग पडते.

सोपेपणाची गोष्ट आणखी निराळी. आयफोन एकच कंपनी करते, म्हणून त्यांची मांडणी बहुतेक सारखी असते. अँड्रॉइडचे फोन अनेक कंपन्यांचे, आणि प्रत्येकीची मांडणी थोडी निराळी. म्हणून अडलें असतां जो मदतीस येणार, त्याच्याजवळ जसा फोन आहे तसाच घेणें शहाणपणाचें.

दुकानदार मेगापिक्सेल सांगूं लागला. मीं ताईच्या हातीं तीन फोन दिले आणि म्हटलें, "ताई, कोणास न विचारतां मला फोन लाव." सर्वांत महाग फोनावर तिचें बोट अडखळलें. सर्वांत स्वस्त फोनावर मध्येंच जाहिरात उघडली. मधला फोन तेरा हजारांचा होता, शेजारणीच्या फोनासारखाच. तो तिनें उचलला, आणि माझ्या खिशांत घंटा वाजली. "अरे बाळ, लागला कीं रे!" असें ती म्हणाली, तेव्हां तिच्यापेक्षां मलाच अधिक आनंद झाला.

तो टॅब्लेट वायां गेला नाहीं. ताई संध्याकाळीं त्यावर ज्ञानेश्वरी वाचते. फोन मात्र उशाशीं असतो. आपणांपैकीं कोणी घरच्या वडील माणसासाठीं अशी खरेदी करणार असाल, तर पैशांबरोबर त्या माणसासहि दुकानांत घेऊन जावें, एवढीच विनंती.