भिशीची यादी आणि संगणकाचा करार

(मंडळाच्या वर्धापनदिनी भिगवण येथे केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. संगणकावर बोलायला उभी राहिले, तेव्हा पुढच्या रांगेत खसखस पिकली ती मी ऐकली. पण विषय आपल्या भिशीचाच आहे, म्हणून धीर केला.

माझी मुलगी बारामतीला संगणकाचे शिक्षण घेते. दिवाळीच्या सुट्टीत तिने आपल्या बारा जणींच्या भिशीचा करार संगणकात लिहून पाहिला. याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. नियम आपल्या वहीतलेच. फक्त ते सॉलिडिटी नावाच्या भाषेत लिहायचे आणि इथेरियम या जगभरच्या सामाईक वहीत ठेवायचे. ही वही २०१५ साली सुरू झाली. करार एकदा तेथे चढला की त्याचे कलम खोडता येत नाही. ठरल्याप्रमाणे पैसे तोच वाटतो. मुलीने अर्थात सरावाच्या खोट्या पैशांवर हे केले.

करारात प्रत्येकीला खातेक्रमांकासारखा एक पत्ता असतो. अशा बारा पत्त्यांची रांग लावायची, तिला ॲरे म्हणतात. फडताळात डबे मांडतो तशी. मात्र मोजणी शून्यापासून. पहिली बाई शून्य, बारावी अकरा. मी "बारा नंबर काढ" म्हटले, तर सगळा व्यवहारच मागे फिरला.

आता पुढचे ऐका. आपल्यातील पाचवी बाई दौंडला राहायला गेली, म्हणून मुलीने तिला 'डिलीट' केले. मला वाटले, रांग अकरांची झाली. तसे होत नाही! डबा रिकामा होतो, जागा तशीच राहते. तिची पाळी आली आणि भिशीचे पैसे नुसत्या शून्यांच्या पत्त्यावर गेले. त्याची किल्ली कोणाकडेच नाही. खरे पैसे असते, तर उजनीच्या पाण्यात टाकल्यासारखेच झाले असते.

मुलगी म्हणाली, "आई, शेवटचीला उचलून रिकाम्या जागी आणायचे आणि शेवटची जागा काढून टाकायची." तसे केल्यास खर्च कमी येतो म्हणे. तेथे प्रत्येक हालचालीला शुल्क पडते, त्याला गॅस म्हणतात. (सिलिंडरचा नव्हे, पण महाग तोही!) मी म्हटले, "अगं, आम्ही चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला. बारावी एकदम पाचवी झाली, तर सहावी ते अकरावी गप्प बसतील का?" तेव्हा तिने मागच्या सगळ्यांना एकेक घर पुढे सरकवले. खर्च वाढला, पण न्याय राहिला. लेकीने माझे ऐकले याचा मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू?

मग नावांची पाळी आली. अक्षरांच्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. दोन माळा सारख्या आहेत का, हे ही भाषा बरोबरीच्या चिन्हाने सरळ पाहू देत नाही. दोन्हींचे ठसे काढून ते जुळवावे लागतात. एक चिन्ह बदलले की ठसा सर्वस्वी निराळा. माझ्या सासूबाईंचे नाव शकुंतला. मराठीतील प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा धरून, तीन बाइट लागतात. अनुस्वार देऊन लिहिले तर हे नाव २१ बाइटांचे, अर्धा न काढून 'शकुन्तला' लिहिले तर २४. आपल्या कानाला नाव एक, संगणकाला बायका दोन!

हे ऐकून मला हसू आले नाही. एका कचेरीत सासूबाईंचे म्हातारपणाचे पैसे याच अनुस्वारापायी आठ महिने अडले होते. रेशनकार्डावर एक नाव, बँकेच्या पुस्तकावर दुसरे. चौथ्या खेपेला तेथल्या माणसाने चष्मा वर करून सासूबाईंकडे पाहिले आणि सही केली. संगणकातला करार चष्मा वर करीत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीला २०२२ साली जातीचे ६५,००० दाखले अशाच सामाईक वहीशी जोडण्याचे काम हाती घेतले गेले. त्यामुळे खोटा दाखला ओळखू येतो, हे चांगलेच. पण दाखल्यावर नावच चुकले असेल, तर त्या चुकीचाही ठसा तितकाच पक्का बसतो.

म्हणून माझे म्हणणे, भिशी तूर्त आपल्या वहीतच राहू द्यावी. पण काल मी हजेरी चाळली, तर एकाच भगिनीचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले! चहाच्या टेबलावर कोरी वही ठेवली आहे. प्रत्येकीने आधारकार्ड पाहून आपले नाव आपल्या हाताने लिहावे. जिला लिहिता येत नाही, तिच्याजवळ मी बसेन. सासूबाईंनी आपले नाव सकाळीच लिहिले आहे, अनुस्वार देऊन.