ड्रॉइंग कोण काढणार?

नाशकातल्या शाळेत आठवीला सर म्हणाले, "संस्कृत तुला काय कामाचं? टेक्निकल घे."

घेतलं. कानस हातात आली, व्हर्नियर कळला, ड्रॉइंग वाचता आलं. त्याच्याच जोरावर आयटीआय केलं, सातपूरच्या कारखान्यात टर्नर म्हणून लागलो. भाकरीसाठी कुणापुढं वाकलो नाही. पण ड्रॉइंग वाचायचं आम्ही अन् काढायचं त्यांच्या पोरांनी, ही वाटणी तशीच राहिली.

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाईसरॉयला निवेदन दिलं. आपल्या पोरांना सरकारी छापखान्यांत, रेल्वे वर्कशॉपांत शिकाऊ घ्या. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाला, परदेशी जायला स्कॉलरशिपाही द्या. दोन्ही एकदम मागितलं!

तेव्हा पोरापोरींनो, टेक्निकल जरूर घ्या. टर्नरवरच थांबा म्हणणाऱ्याला सांगा : मशीन आमचं, ड्रॉइंगचं टेबलही आमचंच.

जय भीम!