कोंबडीची पिशवी

१९५२ सालीं ब्रूटन नांवाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरांकडे वारंवार आजारी पडणारा आठ वर्षांचा एक मुलगा होता. रोगजंतूंना अडविणारीं प्रतिद्रव्यें त्याच्या रक्तांत नव्हतीं. निरोगी शरीरांत तीं कोण घडवितें?

उत्तराचा धागा कोंबड्यांच्या खुराड्यांत सांपडला. कोंबडीच्या गुदद्वारापाशीं एक लहानशी पिशवी असते. ती फॅब्रिशियस या जुन्या इटालियन शारीरज्ञाच्या नांवानें ओळखली जाई. पण तिचें कार्य मात्र अज्ञात होतें. ओहायो येथील विद्यापीठांत ब्रूस ग्लिक यानें कांहीं पिल्लांची ही पिशवी काढून टाकली होती. त्याचा सहाध्यायी टिमथी चँग यानें वर्गांत प्रतिद्रव्यें दाखविण्याकरितां त्याच कोंबड्यांना जंतूंचा अंश टोंचला. प्रयोग फसला, बहुतेकींच्या रक्तांत प्रतिद्रव्यें उतरलींच नाहींत. दोघांनीं या फसगतीचें कारण शोधलें व १९५६ सालीं तें प्रसिद्ध केलें.

त्या पिशवींत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींना पुढें ‘बी’ पेशी म्हणूं लागले. मनुष्यांत त्या अस्थिमज्जेंत जन्मतात. प्रत्येकीचा सांचा निराळा असतो. ज्या पेशीचा सांचा आलेल्या जंतूशीं जुळतो, तिचीच संतति वाढते आणि दर सेकंदास हजारों प्रतिद्रव्यें रक्तांत सोडते. त्यांपैकीं कांहीं पेशी शत्रूची ओळख जपून वर्षानुवर्षें राहतात.

त्या मुलाच्या शरीरांत हा कारखानाच नव्हता. ब्रूटन यांनीं इतरांच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें त्यास टोंचलीं, आणि त्याचीं दुखणीं हटलीं. अशा मुलांना आजही याच उपायाचा आधार आहे.