उतारवयातील स्त्रियांचा व्यायाम : एक कौटुंबिक कर्तव्य

(मंडळाच्या दर्यापूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक. वैद्यकाचा अधिकार आमच्यापाशी नाही. तथापि शास्त्रज्ञांनी जे सिद्ध केले आहे, ते घरोघर समजेल अशा भाषेत सांगणे हे शिक्षकाचेच काम होय, अशी आमची समजूत आहे. विषय आहे, पाळी गेल्यानंतर स्त्रियांनी करावयाच्या व्यायामाचा. हा विषय भर सभेत, त्यातून पुरुषाने काढावा काय, अशी शंका काहींना येईल. परंतु ज्या गोष्टीविषयी घरात कोणी बोलत नाही, तिचे औषधपाणीही कोणी करीत नाही. म्हणून संकोच बाजूस ठेवून आम्ही बोलणार आहोत.

आपल्या वऱ्हाडातील जुन्या पिढीच्या स्त्रियांचा दिवस जात्याच्या घरघरीने उजाडत असे. दळण, कांडण, विहिरीचे पाणी, सडासारवण, आणि नंतर वावरातील निंदण किंवा कपाशीची वेचणी. ते जीवन सुखाचे होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्या कष्टांनी कित्येक माउलींच्या पाठी अकाली वाकल्या. पिठाची चक्की, नळ आणि गॅसची शेगडी आली, हे उत्तमच झाले. परंतु कष्टांबरोबर शरीराची हालचालही घरातून गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. पुढे सून घरात येते, मुलगा प्रेमाने म्हणतो, ‘आई, आता तू बसून खा.’ या शब्दांत माया आहे यात संशय नाही. पण नेमक्या ज्या वयात ते उच्चारले जातात, त्या वयात स्त्रीला बसण्याइतके अपायकारक दुसरे काही नाही. आमच्या सर्व बोलण्याचे सार एवढेच आहे.

असे का, ते पाहू. पाळी सलग १२ महिने आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांस ही अवस्था ४५ ते ५० वर्षांच्या सुमारास येते. यानंतर इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक शरीरात फार कमी होते. पूर्वी मांड्या व नितंब यांवर साठणारी चरबी आता पोटात, आतड्यांभोवती व यकृतात साठू लागते. ही चरबी इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे रक्तातील साखर वाढण्याकडे कल होतो. अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, रक्तदाब चढू लागतो आणि हाडे पहिल्या काही वर्षांत झपाट्याने विरळ होतात. हा काही रोग नव्हे, हा निसर्गक्रम आहे. पण त्यापुढे पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य असू शकते, आणि ते कसे जावे हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

‘आमची आई अंगाने बारीक आहे, तिला कसली साखर?’ असे कोणी म्हणेल. त्यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन ध्यानी घ्यावे. इ. स. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची तुलना लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याशी करून दाखविली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी आत चरबी बाळगून असू शकतो, हा याचा बोध. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेच्या मापावर अधिक लक्ष ठेवावे. आशियाई स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, भरली की सावध व्हावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

आता उपाय. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. स्नायू राबले की ते इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत घेतात. बसून राहिले की कोठार आक्रसते. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ जणांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांत दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि सरासरी वय ५१ होते. आठवड्यास १५० मिनिटे चालणे आणि बेताचा आहार एवढ्याने, नुसती नावापुरती गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाने मात्र ते ३१ टक्केच घटले. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले.

जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यास किमान १५० मिनिटे सांगते. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि ६५ वर्षांनंतर तोल सांभाळण्याचाही. यास पैसा लागत नाही. आपल्याकडील उन्हाळा पाहता सूर्योदयापूर्वी अर्धा तास असे झपाझप चालावे की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. जेवणानंतर अंगणात दहा मिनिटे फेऱ्या घालाव्या. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. भिंतीस तळवे टेकून स्वतःस मागे रेटावे. टाचा उचलून उभे राहावे. ताटात आपल्या शिवारातील तूर, मूग, हरभरा पुरेसा असावा, कारण डाळीवाचून स्नायू कशाने बांधले जाणार? ज्या भगिनी आजही वावरात दिवसभर राबतात, त्यांना आणखी चालण्याचा उपदेश आम्ही करणार नाही. त्यांस पोटभर अन्न व विश्रांती हवी. छातीत दुखणे, दम लागणे, गुडघेदुखी असल्यास, अथवा साखरेचे औषध चालू असल्यास, प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर लाजून न बसता त्वरित तपासणी करावी.

बंधूंनो, आता आमचे बोलणे तुमच्याशी आहे. बाईला व्यायाम ठाऊक नसतो असे नाही. तिला सकाळचा अर्धा तास मिळत नाही. चहा, डबे, नातवंडांची शाळा, पूजेची तयारी या सर्वांतून ती मोकळी होते तोवर ऊन डोक्यावर येते. शिवाय ती सर्वांच्या मागून जेवते, आणि स्वतःच्या औषधाचा खर्च सर्वांत आधी वाचविते. तिला पोथीभर उपदेश करण्यापेक्षा सकाळचा चहा तुम्ही ठेवा. ‘या वयात बाई फिरायला कुठे निघाली?’ असे शेजारी म्हणू लागले तर तुम्ही तिच्यासोबत चाला. मग कोणी काही म्हणणार नाही.

व्यायामाची परंपरा आपल्या जिल्ह्यास नवी नाही. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाड्याचा पाया घातला. तेथूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले, आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. ज्या जिल्ह्याचे मल्ल बर्लिनपर्यंत गेले, त्या जिल्ह्यातील आयांना वेशीपर्यंत फिरून येण्यास अडचण का पडावी?

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, मंडळाचे सभागृह रोज पहाटे एक तास भगिनींच्या व्यायामासाठी उघडे ठेवावे. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी तिळगुळाबरोबर कमरेचे माप, रक्तदाब व साखर यांची तपासणी व्हावी आणि जिची तिला चिठ्ठी द्यावी. तिसरी, पुढील संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांसोबत वर्षभर नेमाने चालणाऱ्या मातांचाही सत्कार व्हावा. नारळ एकच असला तरी चालेल.