ताप उतरला म्हणजे आजार गेला का?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका निवृत्त आरोग्य सेविका ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



स्वयंपाक झालाय हे मलाही दिसतंय, म्हणून थेट विषयावर येते. मघाशी हिशेब वाचला तेव्हा कर्जाची कारणं ऐकली. बियाणं, शाळेची फी, शेळी आणि 'दवाखाना'. मला त्या 'दवाखाना' रकान्याबद्दल बोलायचंय. पावसाळा लागला की हा रकाना फुगतो. ताप आला, सलाईन लावली, सुई दिली, ताप उतरला, गटाचं कर्ज डोक्यावर बसलं. मी विचारते, रक्त तपासलं का? बाई म्हणते, ताप तर उतरला ना!

आता हिवताप, म्हणजे मलेरिया, शरीरात काय करतो ते ऐका. मादी डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेतून जंतू आत जातो. हा इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. तो आधी यकृतात जाऊन बसतो, म्हणून पहिले आठ-दहा दिवस काहीच कळत नाही. मग तो रक्तातल्या लाल पेशीत शिरतो, आतलं खाऊन वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि नव्या पेशी धरतो. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप भरतो, घाम येऊन उतरतो. म्हणजे ताप उतरला तरी जंतू पुढच्या पेशीत कामाला लागलेला असतो! सलाईनमध्ये मीठ-साखरेचं पाणी असतं, त्याने जंतू मरत नाही.

आपल्याकडे याचे मुख्य दोन प्रकार. एक व्हायवॅक्स. याची काही पिल्लं यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी परत ताप आणतात. त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस देतात. चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि उरलेलं पाकीट फडताळात जातं. मग दिवाळीत ताप आला की 'करणी केली' म्हणायचं! दुसरा फाल्सिपेरम, हा जीवघेणा. याच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात. मेंदूत गेला की माणूस बरळतो, झटके येतात, बेशुद्ध होतो. आपल्या राज्यात गडचिरोलीने हा आजार सगळ्यांत जास्त सोसलाय. तिथे जंगल आहे, नाले आहेत, धानाच्या बांध्या आहेत, आणि हा डास तशाच साध्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. माणूस बरळायला लागला की आधी पुजाऱ्याकडे नेतात. पुजाऱ्याला मी नावं ठेवत नाही, त्याचा मान राखा. पण त्याच्याकडे जायच्या आधी बोटाचा एक थेंब आशाताईच्या पट्टीवर पडू द्या. पंधरा-वीस मिनिटांत कळतं. तपासणी फुकट, गोळ्याही फुकट.

गरोदर बाईचं वेगळं सांगते, कारण यात दोन जीव आहेत. हा जंतू वारेत साठतो, बाळाला पोसणारं रक्त अडतं, बाळ कमी वजनाचं होतं, कधी पोटातच जातं. आईचं रक्त आधीच कमी, ते आणखी घटतं. लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल आणि मधूनमधून ताप येत असेल, तर हिवतापाची तपासणी करायला लावा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला चालत नाही. म्हणून शेजारणीची उरलेली गोळी कोणी कोणाला देऊ नका. गोळ्या घेताना लघवी काळसर झाली तर गोळी थांबवा आणि लगेच आरोग्य केंद्र गाठा.

डासच हा जंतू पसरवतो हे शोधलं गेलं आपल्याच देशात, सिकंदराबादला, 20 ऑगस्ट 1897 रोजी. रोनाल्ड रॉस नावाच्या डॉक्टराने डासाच्या पोटात जंतू पाहिला. हुसेन खान या रुग्णाला तो डास चावून घेण्याचा एक आणा द्यायचा. आपण तर रोज फुकट चावून घेतो! मच्छरदाण्या मिळाल्यात, पण कित्येक घरांत त्यात धान नाहीतर मासे दिसतात. हा डास रात्री चावतो, म्हणून मच्छरदाणी अंथरुणावरच हवी.

दुसरा आजार हत्तीपाय. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या बायांना सांगायला नको. याचा डास वेगळा, तो गटाराच्या, संडासाच्या टाकीच्या घाण पाण्यात वाढतो. याचे दोऱ्यासारखे जंत रक्तात नाही, रसवाहिन्यांत राहतात आणि वर्षानुवर्षं जगतात. त्यांची पिल्लं रक्तात फिरतात, तीही रात्री, कारण डासही रात्रीच चावतो. म्हणून रक्त रात्री घ्यायला येतात. पाय सुजायला कित्येक वर्षं लागतात, तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि गावाला आजार वाटत असतो. मोहिमेच्या गोळ्या 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्यासाठीच आहेत. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी जेवणानंतर, कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या. एखाद्याला चक्कर, थोडा ताप येतो, तो बहुधा जंत मरत असल्याने. त्यावरून गावभर अफवा उठवू नका. त्रास जास्त वाटला तर सरळ आरोग्य केंद्रात जा.

ज्यांचा पाय सुजलाय त्या बाया सभेला येत नाहीत, आल्या तरी लुगड्यात पाय झाकून मागे बसतात. हा आजार शिवल्याने होत नाही. त्यांना पुढे बसवा. पाय रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या, जखम जपली, तर वारंवार येणारा ताप आणि सूज कमी होते. आणि पुरुषांच्या अंडवृद्धीचं, हसू नका, शस्त्रक्रियेने बरं होतं आणि सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. ते लाजतात, तेव्हा घरातल्या बाईनेच विषय काढावा लागतो.

आता कामाचं. रात्री रक्त घ्यायला कर्मचारी येतात तेव्हा लोक दार उघडत नाहीत, अनोळखी माणसांना भितात. सोबत गटातली ओळखीची बाई असली तर उघडतात. प्रत्येक गटातून दोन जणी फिराल का? ज्या तयार असतील त्यांनी जेवण झाल्यावर आशाताईकडे नाव लिहून द्या. बॅटरी घरून आणायची.