गुपित कोणाचे, शिक्षा कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



२८ ऑक्टोबर २००५ रोजी वॉशिंग्टनमधील ग्रँड ज्युरीने अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचे प्रमुख सहायक लुईस लिबी यांच्यावर आरोपपत्र ठेवले. आरोप पाच होते. न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा एक, तपास अधिकाऱ्यांना खोटी माहिती दिल्याचे दोन आणि ग्रँड ज्युरीसमोर शपथेवर खोटे बोलल्याचे दोन. लिबींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. इराकवरील युद्धाला विरोध करणाऱ्या जगभरच्या मंडळींना त्या दिवशी आनंद झाला, आणि तो होणे स्वाभाविकही होते. परंतु त्या आनंदाच्या भरात एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटली. ज्या प्रकरणाचा तपास 'गुपित कोणी फोडले' या प्रश्नापासून सुरू झाला, त्याच्या आरोपपत्रात गुपित फोडल्याचा आरोप एकही नव्हता. आणि ज्या असत्याच्या आधारावर एका देशावर युद्ध लादण्यात आले, ते असत्य तर कोणत्याच न्यायालयापुढे नव्हते. समाजवादी कार्यकर्त्याने या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो या दोन उणिवांपासून.

प्रथम घटनाक्रम पाहू. २८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे भाषण केले. सद्दाम हुसेन यांनी आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे ब्रिटिश सरकारला समजले आहे, असे त्यात एक वाक्य होते. त्यापूर्वी जवळजवळ एक वर्ष, फेब्रुवारी २००२ मध्ये, अमेरिकेच्या हेरखात्याने म्हणजे सीआयएने याच बातमीचा शोध घेण्यासाठी जोसेफ विल्सन या निवृत्त राजदूतांना नायजर या देशात पाठवले होते. असा व्यवहार झाल्याचे दिसत नाही, असे सांगून ते परतले होते. पुढे ७ मार्च २००३ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख एलबरादेई यांनी सुरक्षा समितीपुढे स्पष्ट सांगितले, की नायजरच्या व्यवहाराची म्हणून दाखवली जाणारी कागदपत्रे खरी नाहीत. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बगदादवर बॉम्ब पडू लागले.

६ जुलै २००३ रोजी विल्सन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून आपल्या नायजर भेटीची हकीकत उघड केली. ते वाक्य भाषणात यायला नको होते, अशी कबुली सरकारला लगोलग द्यावी लागली. परंतु कबुली देणारे सरकार आणि सूड घेणारे सरकार एकाच इमारतीत राहू शकते. १४ जुलै रोजी रॉबर्ट नोव्हाक या स्तंभलेखकाने दोन वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांचा हवाला देऊन छापले, की विल्सन यांची पत्नी व्हॅलरी प्लेम ही सीआयएची हस्तक आहे आणि विल्सनना नायजरला पाठवण्याची सूचना तिचीच होती. प्लेम यांची नोकरी गुप्त स्वरूपाची होती आणि महासंहारक शस्त्रांचा प्रसार रोखणे हेच त्यांच्या विभागाचे काम होते. ज्या शस्त्रांच्या नावाने युद्ध पुकारले, त्याच शस्त्रांचा माग काढणारी एक अधिकारी एका वाक्याने कायमची निकामी झाली.

गुप्त हस्तकाची ओळख जाणूनबुजून उघड करणे हा अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने गुन्हा आहे. सीआयएच्या तक्रारीवरून न्यायखात्याने चौकशी हाती घेतली. महान्यायवादी ॲशक्रॉफ्ट डिसेंबर २००३ मध्ये त्यातून बाजूला झाले आणि पॅट्रिक फिट्झगेराल्ड यांची खास अभियोक्ता म्हणून नेमणूक झाली. दोन वर्षे तपास चालला. प्लेम यांच्याविषयी आपल्याला पत्रकारांकडून कळले, असे लिबींनी शपथेवर सांगितले होते. त्यांच्याच टिपणवहीत मात्र नोंद सापडली, की ही माहिती त्यांना जून २००३ मध्ये खुद्द उपाध्यक्षांकडून मिळाली होती. मूळ गुन्ह्याचा आरोप का ठेवला नाही, असे विचारल्यावर फिट्झगेराल्ड यांनी खेळातल्या पंचाची उपमा दिली. पंचाच्या डोळ्यांत कोणी वाळू फेकली, तर चेंडू मुद्दाम मारला की चुकून लागला याचा निवाडा तो कसा करणार? डोळ्यांत धूळ फेकणे हा मराठीतला वाक्प्रचार वॉशिंग्टनच्या न्यायालयात फौजदारी गुन्हा ठरला, तो असा.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. ती आपल्या मंडळींना तितकीशी सोयीची नाही, म्हणूनच सांगितली पाहिजे. नोव्हाकना प्लेम यांच्याविषयी पहिल्यांदा सांगणारे अधिकारी चेनींच्या कंपूतले नव्हते. ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज होते, हे २००६ साली बाहेर आले. युद्धाबाबत अत्युत्साही नसलेल्या खात्यातील हा गृहस्थ गप्पांच्या ओघात बोलून गेला. बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांनी त्याला दुजोरा दिला. या दोघांवरही आरोप ठेवला गेला नाही, कारण १९८२ चा कायदा फार काटेकोर आहे. ओळख गुप्त आहे हे बोलणाऱ्याला माहीत होते, हे त्यात सिद्ध करावे लागते. सगळे काही एका खोलीत बसून आखले गेले, असे मानणाऱ्यांची त्यामुळे निराशा झाली. परंतु एकाने सहज बोलून जावे आणि दुसऱ्यांनी त्याच सुमारास तेच नाव पत्रकारांच्या कानी हेतुपुरस्सर घालावे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कटाची कल्पना सोपी असते. सत्तेचा रोजचा व्यवहार तिच्याहून गुंतागुंतीचा असतो, आणि कार्यकर्त्याने समजून घ्यायचा तो हा व्यवहार.

या प्रकरणात तुरुंगात कोण गेले? 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहर ज्युडिथ मिलर. त्यांनी प्लेम यांच्याविषयी एक ओळही छापली नव्हती. आपल्याला माहिती देणाऱ्याचे नाव सांगण्यास नकार दिल्यामुळे ६ जुलै २००५ पासून ८५ दिवस त्या कैदेत होत्या. ज्याने नाव छापले तो नोव्हाक चौकशीत बोलला आणि मोकळा राहिला. सूत्राचे नाव न सांगणे हा पत्रकाराचा धर्म आहे, आणि त्यासाठी कैद सोसणाऱ्याचा आदर केला पाहिजे. पण येथे सूत्र कोण होते? अन्यायाविरुद्ध जीव मुठीत धरून कागद आणून देणारा कारकून नव्हता. उपाध्यक्षांचा उजवा हात होता. त्याच मिलरबाईंच्या इराकी शस्त्रांविषयीच्या बातम्यांनी युद्धापूर्वी सरकारी दाव्यांना वजन आणले होते, आणि अशा वार्तांकनात आपण पुरेसे कठोर राहिलो नाही, अशी कबुली त्यांच्या पत्राला मे २००४ मध्ये द्यावी लागली होती. दुबळ्यांच्या रक्षणासाठी उभारलेल्या कुंपणाआड येथे बलवान दडून बसला होता. म्हणून कुंपण मोडायचे काय? नाही. कारण तेच कुंपण उद्या त्या कारकुनाला लागणार आहे. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा' हा न्याय तत्त्वाच्या बाबतीत चालत नाही. लिबींच्या खटल्यासाठी पत्रकाराला बोलते करण्याची सवय एकदा सरकारला जडली, की ती पुढच्या खटल्यातही सुटत नाही.

शेवट काय झाला? ६ मार्च २००७ रोजी पाचपैकी चार आरोपांत लिबी दोषी ठरले. बाकीची मंडळी कोठे आहेत, असा प्रश्न ज्युरींना पडत होता, असे त्यांच्यातील एकाने निकालानंतर सांगितले. जूनमध्ये तीस महिन्यांची कैद आणि अडीच लाख डॉलर दंड अशी शिक्षा झाली. २ जुलै २००७ रोजी बुश यांनी कैद पूर्णपणे माफ केली. लिबी एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत. २०१८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी उरलासुरला डागही पुसून टाकला.

या निकालाशेजारी दुसरा एक निकाल ठेवून पाहावा. कैदमाफीनंतर दहा दिवसांनी, १२ जुलै २००७ रोजी, बगदादमध्ये अमेरिकी हेलिकॉप्टरांनी रस्त्यावरच्या माणसांवर गोळीबार केला. मृतांत एका वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारी होते. त्या गोळीबाराचे चित्रण जगाला दिसले ते २०१० साली, आणि ते बाहेर देणाऱ्या चेल्सी मॅनिंग या सैनिकाला २०१३ साली पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ती कमी करेपर्यंत सात वर्षे कैदेत गेली. त्याआधी व्हिएतनाम युद्धाविषयीची सात हजार पाने १९७१ साली उघड करणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांच्या डोक्यावर शंभरहून अधिक वर्षांच्या कैदेची टांगती तलवार होती. निक्सन सरकारच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या कचेरीत चोरी केल्याचे उघड झाले, म्हणून १९७३ साली तो खटला मोडला.

गुपित फुटण्याचे असे दोन प्रकार आहेत. एकात खालचा माणूस वरच्याचे कृत्य लोकांपुढे आणतो, दुसऱ्यात वरचा माणूस खालच्याचे तोंड बंद करण्यासाठी त्याचे नाव बाजारात मांडतो. कायद्याच्या पुस्तकात दोन्ही कृत्ये एकाच रकान्यात बसतात. पण पहिल्याला वर्षानुवर्षांची कैद आणि दुसऱ्याला माफी, असा हिशेब जेथे लागतो, तेथे गोपनीयता हे राष्ट्राचे संरक्षण राहत नाही. ती सत्ताधाऱ्यांची खाजगी मालमत्ता बनते. ती केव्हा जपायची आणि केव्हा खर्च करायची, हे मालक ठरवतो.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे कोणी समजू नये. प्लेम यांचे नाव फुटले त्याच २००३ साली, २७ नोव्हेंबरला, गयेत सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याचा खून झाला. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले होते आणि आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती केली होती. ते पत्र नावासकट कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरले. न्यायालयात तो खून लूटमारीचा ठरला, आणि त्या निर्णयापलीकडे जाऊन बोलण्याचे कारण नाही. परंतु नाव गुप्त ठेवण्याची विनंती धुडकावली गेली, ही गोष्ट निर्विवाद आहे. त्यासाठी कोणा वरिष्ठावर आरोपपत्र ठेवले गेले नाही. अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, २०१४ साली त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अंमलात आणण्याची अधिसूचना पुढे वर्षानुवर्षे निघाली नाही.

उलट बाजूला एक जमेची नोंदही आहे. लिबींवर आरोपपत्र आले त्याच महिन्यात, १२ ऑक्टोबर २००५ रोजी, आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा कायदा पूर्णपणे लागू झाला. इंग्रजांनी १९२३ साली केलेल्या शासकीय गुपितांच्या कायद्यावरही त्याच्या कलम २२ ने मात केली. हा अधिकार कोणा अभियोक्त्याने मिळवून दिला नाही. राजस्थानातील मजुरांनी हजेरीपटाची नक्कल मागितली आणि महाराष्ट्रात उपोषणे झाली, तेव्हा तो पदरात पडला.

लिबी प्रकरणाचा धडा येथेच आहे. निष्ठावान अभियोक्ता फार तर एका अधिकाऱ्याला खोटे बोलताना पकडू शकतो. युद्धाच्या खोटेपणाचा खटला त्याच्या अधिकारात नसतो. तो खटला जनतेपुढेच चालवावा लागतो, आणि त्यात वादी, साक्षीदार व न्यायाधीश या तिन्ही भूमिका जनतेलाच पार पाडाव्या लागतात. त्यासाठी कागद हवेत, आणि कागद आणून देणारी माणसे जिवंत व मोकळी हवीत. आपल्या तालुक्यात असा एखादा कारकून, अभियंता वा शिक्षक कागद घेऊन उभा राहील, तेव्हा त्याचे नाव जपणे आणि त्याचा कागद वाचणे ही दोन कामे कार्यकर्त्याची आहेत. तेवढी चोख झाली, तर वॉशिंग्टनमधील आरोपपत्राकडे डोळे लावून बसण्याची पाळी येणार नाही.